गाडीला टेकवलेली बंदूक सारखी पडते: कारणं आणि उपाय

"नीट टेकवली होती साहेब, तरी पडली."

कॅश व्हॅनवरच्या आणि बँकेच्या दारावरच्या गार्डकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचे प्रश्न मला पाठ झालेत. कशाला टेकवली होती? आत काडतूस होतं का? पट्टा कुठे होता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी वेगळं असतं: गाडीचं दार, शटर, एटीएमची काच, झाडाचा बुंधा, प्लास्टिकची खुर्ची. दुसऱ्याचं बहुतेकदा "होतं". तिसऱ्याचं जवळजवळ नेहमी "पट्टा नाहीच दिलेला".

फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करणारा, होतो. आता मुंबईत हत्यारी गार्डना बंदूक हाताळायला आणि तिची निगा राखायला शिकवतो. बंदूक पडली की सुपरवायझर गार्डला झापतो, गार्ड मान खाली घालतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पॉइंटवर तेच होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, गार्डसाठी आणि त्याहून जास्त त्याच्या सुपरवायझरसाठी.

सुरुवातीलाच एक अट. भरलेली बंदूक कशालाही टेकवायची नाही. गाडीला नाही, भिंतीला नाही, झाडाला नाही, एका मिनिटासाठीही नाही. ड्युटीमुळे बंदूक भरलेली ठेवावी लागत असेल, तर ती अंगावरच राहिली पाहिजे. खाली टेकवण्याबद्दल जे जे सांगणार आहे, ते सगळं उघडून, काडतुसं काढून, दोन्ही चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहिलेल्या बंदुकीबद्दल आहे.

आधी ओरखडा बघा

बंदूक नेमकी कशी पडली हे गार्डला बहुतेक वेळा सांगता येत नाही, कारण तेव्हा त्याची पाठ वळलेली असते. गाडीचा पत्रा मात्र सांगतो. नळीच्या टोकावरची मक्खी, म्हणजे नेम धरायचा मणी, पितळेची किंवा स्टीलची असते आणि पडताना ती रंगावर रेघ ओढते. रेघ सरळ वरून खाली आली असेल तर कुंदा (खांद्याला लावायचा मागचा भाग) जमिनीवरून पुढे सरकला आणि नळी पत्र्यावरून खाली उतरली. रेघ कमानीसारखी एका बाजूला वळली असेल तर बंदूक आडवी कलंडली. रेघच नसेल आणि बंदूक गाडीपासून लांब पडलेली असेल, तर तिला धक्का लागलाय किंवा दार उघडलंय. जुन्या व्हॅनच्या मागच्या दाराजवळ अशा रेघांचं जाळंच असतं. सुपरवायझरने व्हॅन तपासायला घेतली की आधी तिथे बघावं. आपल्या व्हॅनवर बंदुका कुठे टेकवल्या जातात आणि कशा पडतात, याचा हिशेब तिथेच लिहिलेला असतो.

माझ्या पाहण्यात कमानीच्या रेघा सरळ रेघांपेक्षा खूप जास्त आहेत. याचं कारण बंदुकीच्या आकारात आहे. १२ बोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, तीन ते साडेतीन किलोची, लांबीला सव्वा मीटरच्या आतबाहेर, आणि तिचं वजन बिजागरीच्या, म्हणजे बंदूक मोडून उघडते त्या जागेच्या, आसपास एकवटलेलं. टेकवल्यावर ती दोनच जागी टेकते, खाली कुंद्याची कड आणि वर नळीचं टोक. भिंतीला लावलेल्या शिडीला खाली दोन पाय आणि वर दोन टोकं असतात, म्हणून ती बाजूला कलंडत नाही. बंदुकीला खाली एक पाय आणि वर एक गोल टोक. गोल नळी सपाट पत्र्यावर लोळायलाच बघते. पुढे-मागे पडू नये म्हणून आपण कोन साधतो, पण बाजूला पडू नये यासाठी काहीच केलेलं नसतं. "नीट टेकवली होती" म्हणणारा गार्ड खोटं बोलत नाही. त्याने कोन नीटच धरलेला असतो. अडचण कोनात नसतेच.

सरळ रेघ: कुंदा का सरकतो

कुंद्याच्या टोकाला बेकलाइटची, प्लास्टिकची किंवा लोखंडी पट्टी असते. बँकेच्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या किंवा कोट्याच्या. दोन्ही गुळगुळीत, त्यात पावसाळ्यात पाणी. पेव्हर ब्लॉकची फुटपाथ कोरडी असेल तर पकड बरी मिळते, पण मुंबईत सलग सपाट पेव्हर ब्लॉक कुठे सापडतात? एक वर, एक खाली, मधल्या फटीत वाळू. कुंद्याची कड फटीत बसली तर वाटतं की पक्की बसली, आणि ब्लॉक डुगडुगला की सगळं गेलं.

यावर उपाय स्वस्त आहे. कुंद्याला रबरी पॅड बसवून घ्या. बाजारात तयार मिळतं, आणि खांद्याला बसणारा धक्काही त्याने कमी होतो. पॅड बसवताना बंदुकीची लांबी वाढते, म्हणून गार्डच्या हाताच्या मापाने बसवा. नाहीतर बुटका माणूस लांब कुंद्याची बंदूक खांद्याला लावताना बगलेत अडकवतो.

कोनाबद्दल विचारणारे बरेच असतात. कुंदा भिंतीपासून एक वीत ते दीड वीत पुढे. त्याहून जवळ ठेवला तर जरा धक्का लागला की बंदूक पुढे येते, लांब ठेवला तर सरकते. पण हे रबरी पॅड, कोरडी जमीन आणि न हलणारी भिंत असेल तरच. गाडी या तिन्हींत बसत नाही.

गाडी ही भिंत नाही

इंजिन चालू असलं की पत्रा थरथरतो. डिझेलच्या व्हॅनचा तर बंद करतानाही एक शेवटचा गचका बसतो. इंजिन बंद असलं तरी गाडी स्वस्थ नसते. मागच्या फूटबोर्डवर कस्टोडियन (रोकड सांभाळणारा माणूस) चढला की गाडी मागे दबते, उतरला की वर येते. पेट्या काढल्या की स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि बॉडी थोडी उचलली जाते. नळीचं टोक ज्या पत्र्यावर टेकलेलं असतं तोच वर-खाली होत असतो, आणि दर वेळी ते थोडं थोडं बाजूला सरकतं. बंदूक पाचव्या मिनिटाला पडते ती यामुळे. टेकवताना पडली असती तर गार्डने परत नीट ठेवली असती. ती पडते तेव्हा तो रजिस्टरवर सही करत असतो.

गाडीच्या कुठल्या जागा वाईट आणि कुठल्या कमी वाईट, हे विचारलं जातंच, तर सांगतो. सगळ्यात वाईट दार. उघड्या दाराच्या कडेला टेकवलेली बंदूक दार लोटलं की पडणारच, आणि दार लोटणारा माणूस वेगळाच असतो. दार आणि खांबाच्या फटीत नळी चेपली गेली तर नुकसान वेगळं. त्याच्या खालोखाल आरसा. आरशाच्या दांडीत नळी अडकवली की वाटतं पक्की बसली, पण आरसा दुमडणारा असतो. बॉनेट उतरतं असतं आणि गरमही. बंपर बुटका, त्यामुळे बंदुकीचा वरचा निम्मा भाग अधांतरी राहतो आणि बाजूने जाणाऱ्या माणसाच्या पिशवीचा बंद त्यात अडकतो. टायरचं रबर पकड देतं हे खरं, म्हणून जुने गार्ड टायरला टेकवतात. पण ड्रायव्हरला तिथली बंदूक दिसत नाही. गाडी निघाली की बंदूक पडते आणि मागच्या चाकाखाली जाते. नळी वाकलेली, कुंदा दोन तुकडे झालेली बंदूक माझ्याकडे आली आहे ती अशीच.

उभ्या मोटारसायकलला टेकवणारेही आहेत. ब्रेकचा लिव्हर, फुटरेस्ट, हँडल, सगळीकडे बाहेर आलेली टोकं, आणि चापाभोवतीची (ट्रिगरभोवतीची) कडी त्यात अडकायला मोकळी. मोटारसायकल तर विचारातच घेऊ नका.

तेव्हा गाडीच्या बाहेरच्या अंगाला बंदूक टेकवायला योग्य अशी एकही जागा नाही. टेकवायचीच तर गाडीच्या आत, त्यासाठी बनवलेल्या खाचेत. ते पुढे सांगतो. त्याआधी पडलेल्या बंदुकीतून बार का उडतो ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण "सेफ्टी लावली होती" हे उत्तर मला पार अस्वस्थ करतं.

सेफ्टी लावलेली असूनही

आपल्याकडच्या बहुतेक बिनघोड्याच्या दुनळ्यांत, म्हणजे ज्यांचे घोडे (आपटून बार उडवणारे हातोडे) आत लपलेले असतात त्यांत, अंगठ्याजवळची सेफ्टी फक्त चाप अडवते. घोडा अडवत नाही. आत घोडा ताणलेला असतो आणि एका लहानशा लोखंडी दाताने, घोड्याला पाडलेल्या खाचेत अडकून, थांबलेला असतो. बंदूक जोरात आपटली आणि तो दात खाचेतून निसटला तर घोडा पडतो, चापाला कोणी हात लावलेला नसतानाही. तो दात आणि ती खाच वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतात. घोडा अधेमधे पकडणारा दुसरा दात बसवलेल्या बंदुका असतात, पण त्या महागड्या. बँकेच्या दारावर त्या दिसत नाहीत.

बाहेर घोडे असलेली जुनी दुनळी असेल तर तिचा धोका वेगळा. घोडा उतरवलेला असला तरी काही जुन्या बंदुकांत तो थेट पिनवर टेकून असतो आणि पिन काडतुसाच्या बुडातल्या, ठोसा बसला की पेटणाऱ्या टोपीवर. बंदूक घोड्याच्या पाठीवर आपटली की तो धक्का सरळ टोपीला लागतो. पडल्यावर घोडा थोडा मागे सरकून थांबतो अशा रचनेच्या बंदुका त्यामानाने बऱ्या, पण आपली कुठली ते आर्मररला दाखवल्याशिवाय ठरवू नका.

पंप ॲक्शनमध्ये, म्हणजे पुढचा दस्ता मागे-पुढे ओढून काडतूस चेंबरमध्ये आणायच्या बंदुकीत, एक सोय असते. काडतुसं खालच्या नळीत भरून चेंबर रिकामं ठेवता येतं, आणि मग नुसत्या आपटण्याने बार उडण्याची भीती जवळपास संपते. एजन्सीने अशा बंदुका घेतल्या असतील तर चेंबर रिकामं ठेवण्याचा नियम लेखी करून घ्या.

राहिला सगळ्यात साधा प्रकार: पडणारी बंदूक पकडायला जाणं. माणूस सहजच झेप घेतो, हाताची पाची बोटं मिटतात आणि त्यातलं एखादं चापाच्या कडीत जातं. नळीचं तोंड तेव्हा कुठे असतं हे कोणालाच माहीत नसतं. मी शिकवताना डमी बंदूक मुद्दाम पाडतो आणि गार्डना तिच्यापासून बाजूला व्हायला लावतो, हात मागे ठेवून. पहिल्यांदा सगळे झेप घेतात. सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडते.

खरा उपाय: पट्टा

बंदूक टेकवली का जाते हे एकदा पॉइंटवर उभं राहून बघा. चहाचा कप घ्यायचाय, रजिस्टरवर सही करायचीय, रेनकोट चढवायचाय, फोन उचलायचाय, लघवीला जायचंय. दोन हात लागतात आणि दोन्ही हात बंदुकीत अडकलेले. गार्डने काय करावं अशी अपेक्षा आहे? "टेकवू नका" ही सूचना नोटीस बोर्डावर वर्षानुवर्षं लावलेली असते. खांद्यावर पट्टा दिलात तर ती सूचना लावायची गरजच उरत नाही.

बंदूक दुसऱ्या गार्डकडे द्यावी, असं सुचवणारे असतात. २०१८ च्या केंद्राच्या नियमांनी कॅश व्हॅनवर ड्रायव्हर, दोन कस्टोडियन आणि दोन हत्यारी गार्ड ठरवून दिलेत, त्यामुळे दुसरा माणूस असतोच. पण मुंबईतल्या पुष्कळ गार्डची बंदूक त्यांच्या स्वतःच्या लायसन्सवर असते, गावाकडून काढलेल्या. लायसन्स त्याच्या नावाचं, जबाबदारी त्याची. ती सहज दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, आणि टेकवून चार पावलं लांब गेलं तर ती कोणाच्याच ताब्यात नसते. शिवाय एका गार्डच्या हातात दोन भरलेल्या बंदुका म्हणजे दोन्ही निकामी. बंदूक ज्याची, त्याच्याच अंगावर हवी.

पट्टा कसा घ्यावा? कॅनव्हासचा किंवा चामड्याचा, अंदाजे तीन सेंटीमीटर रुंद. नायलॉनचा गुळगुळीत नको, युनिफॉर्मवरून घसरतो आणि गार्ड कंटाळून काढून टाकतो. बंदुकीला पट्ट्याच्या कड्या आहेत का ते आधी बघा. नसतील तर लायसन्स असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्या. नाक्यावरच्या वेल्डरला नळीजवळ उष्णता लावू देऊ नका, दुनळीच्या दोन नळ्या झाळणाने जोडलेल्या असतात आणि तो जोड सुटतो. कड्या बसवायच्याच नसतील तर कुंद्यावर चढणारी चामड्याची टोपी आणि नळीभोवती चामड्याचा फास असलेला पट्टाही मिळतो.

लांबी अशी ठेवा की खांद्यावर असताना नळीचं तोंड डोक्याच्या वर राहील आणि कुंदा मांडीला लागणार नाही. गर्दीत एक हात पट्ट्यावर, छातीजवळ. सही करताना तो हात सोडला तरी बंदूक अंगावरच असते. सवय व्हायला चार-पाच दिवस जातात, खांदा दुखतो, तक्रारी येतात. येऊ द्या. काही दलांत बंदूक साखळीने कमरेच्या पट्ट्याला अडकवतात, ती हिसकावली जाऊ नये म्हणून, आणि त्याने ती पडण्याचाही प्रश्न मिटतो.

व्हॅनमधली खाच

गाडीत बसल्यावर बंदूक गुडघ्यांच्या मध्ये, कुंदा खाली, तोंड वर आणि एक हात नळीवर, ही जुनी पद्धत. सायन-पनवेल रस्त्यावर पावसाळ्यात तासभर असा प्रवास केलेल्या गार्डला विचारा. खड्डा आला की हात सुटतो. तोंड खाली करून तर कधीच नको. फ्लोअरमॅटवरची माती आणि चिंध्या नळीत जातात, आणि तोंडाशी अडथळा असलेली नळी बार उडताच फुटू शकते.

खाच बनवणं अवघड नाही. १९ मिलीमीटरचं मरीन प्लाय घ्या. खाली कुंद्यासाठी तीन बाजूंनी बंद खोबण, तळाला जाड रबर. वर नळीसाठी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची खाच. दुनळीच्या नळ्यांची जोडी तोंडाजवळ चार-साडेचार सेंटीमीटर रुंद असते, पण आपली बंदूक मोजूनच खाच कापा, आणि आतून फेल्ट चिकटवा. ही खाच नळीच्या टोकापासून एक हात खाली असावी. अगदी टोकाशी धरली की बंदूक मधोमध डुलते. वरून चामड्याची पट्टी आणि दाबायचं बटण. बटण अंगठ्याने, न बघता, उघडता आलं पाहिजे, कारण व्हॅनवर प्रसंग आला तर गार्डला खाली बघायला सवड नसते. सगळा सांगाडा किंचित मागे झुकलेला ठेवा आणि गाडीच्या चौकटीला बोल्टने पक्का करा, आतल्या पातळ पत्र्याला स्क्रूने नाही.

तपासणी डमीने करा. डमी नसेल तर त्याच वजनाच्या लाकडी ठोकळ्याने. पट्टी उघडी ठेवून गाडी स्पीडब्रेकरवरून न्या, मागचं दार धाडकन आपटा, दोन माणसं फूटबोर्डवर चढवा-उतरवा. एवढं करून जागेवर राहिली तर पट्टी ही वरची खबरदारी झाली. पट्टीशिवाय राहत नसेल तर खाच चुकलीय.

खर्चाचं विचाराल तर हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे. एका फुटलेल्या कुंद्याच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही, आणि माणसाच्या पायात घुसलेल्या छऱ्यांशी तर तुलनाच करवत नाही.

दारावरचा गार्ड

बँकेच्या किंवा सराफाच्या दारावर गाडी नसते, पण टेकवायला जागा भरपूर असतात आणि त्या सगळ्या फसव्या. शटरची पाटी पत्र्याची, वाऱ्याने वाजते, आणि गाळा रेल्वेलाइनच्या कडेला असेल तर लोकल गेली की थरथरते. काचेच्या दाराला टेकवलेली बंदूक आतल्या माणसाने दार ओढलं की आत कोसळते, रांगेतल्या लोकांच्या पायांत. झवेरी बाजारच्या गल्लीत हातगाडीचं एक टोक लागलं तरी पुरे.

इथे गार्डला बसायला उंच स्टूल आणि त्याच्या शेजारी भिंतीत बसवलेली हीच खाच द्या, पट्टी लावलेली. बंदूक पट्ट्याने अंगावर, आणि ड्युटी संपून बंदूक रिकामी केली की खाचेत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला झोप लागते आणि मांडीवरची बंदूक खाली येते. बारा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाला झोप येणं हा गुन्हा नाही. पाळी आठ तासांची करा, हे मी जिथे जातो तिथे सांगतो.

रिकामी करायची जागाही ठरवून द्या. रस्त्यावर, लोकांसमोर नको. आत एका कोपऱ्यात, वाळूने भरलेल्या पेटीकडे तोंड करून. शिस्तीच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, हत्यार जमा करताना हेच करतात.

गावी गेल्यावर

हे मुंबईच्या बाहेरचं, पण वाचणाऱ्यांतले बरेच जण गणपतीत आणि शिमग्यात कोकणात जातात, म्हणून लिहितो. रानडुकरं आणि माकडांपासून शेत राखायला घेतलेली ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक पडवीत दाराआड टेकवलेली असते. तिच्या टोपीबद्दल जपा. निपलवर (टोपी बसवायच्या बोंडीवर) टोपी चढवून घोडा तिच्यावर उतरवून ठेवलेला असेल, तर घोड्यावर काहीही आपटलं की बार उडतो. सेफ्टी नावाचा प्रकारच तिला नसतो. टोपी काढून वेगळ्या डबीत, बंदूक भिंतीतल्या दोन आडव्या खुंट्यांवर, पोरांच्या हाताच्या वर. ठासलेली बंदूक दाराआड ठेवायची नाही, चुलत्याने कितीही सांगितलं की "आमची वर्षानुवर्षं अशीच असते".

नेमबाजांकडून घ्यावं असं

वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आलेल्याने पाहिलं असेल, रायफल खाली ठेवली की बोल्ट उघडा आणि चेंबरमधून बाहेर आलेली रंगीत सेफ्टी फ्लॅगची दोरी. लांबूनच कळतं की रिकामी आहे. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या प्रकारात उभं राहून मारताना दोन गोळ्यांच्या मध्ये रायफल टेकवायला नेमबाज खास स्टँड ठेवतात. ऑलिंपिकच्या दर्जाचा माणूसही रायफल जिथे-तिथे टेकवत नाही. दुनळीवाल्यांनी रेंजवर बंदूक बिजागरीत मोडून, उघडी, हातावर घेऊन फिरावं. उघडी दुनळी कुठेही पडली तरी तिच्यातून बार उडत नाही.

गाडीतून रेंजला जाताना बंदूक केसमध्ये, काडतुसं वेगळ्या पेटीत. केस डिकीतून काढून गाडीला टेकवायची सवयही मोडा. आडवी ठेवा, जमिनीवर.

कायद्याचं थोडक्यात

शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने हयगयीने किंवा निष्काळजीपणे बंदूक वापरून लोकांच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. लग्नातल्या हवेतल्या गोळीबारासाठी ती ओळखली जाते, पण शब्द निष्काळजीपणाचेही आहेत. गार्डच्या घरात कमावता तोच असतो आणि लायसन्स गेलं की नोकरी जाते. पट्टा न देणाऱ्या एजन्सीने याचा विचार करावा.

पडलीच तर

हात मागे, दोन पावलं बाजूला. पूर्ण खाली पडू द्या. मग जवळच्या लोकांना नळीच्या तोंडासमोरून हटवा.

आपटताना आत "टक" असा घोडा पडल्याचा आवाज आला आणि बार उडाला नाही, तर अर्धा मिनिट थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. त्यानंतर कुंद्याच्या बाजूने उचला, बोट चापापासून लांब, तोंड मोकळ्या दिशेला. उघडा, काडतुसं काढा.

आता त्या काडतुसांची टोपी उजेडात धरून बघा. मधोमध गोल, गुळगुळीत असली पाहिजे. तिच्यावर सुईच्या टोकाएवढाही खळगा दिसला, तर पिन तिथवर पोचली होती. बार उडाला नाही हे नशीब. ती बंदूक त्या क्षणापासून बाद, आर्मररने उघडून बघेपर्यंत. ती काडतुसंही वेगळी ठेवा, पुन्हा भरू नका, आणि आर्मररला बंदुकीसोबत दाखवा.

टोपी कोरी असेल तरी नळी तपासायची. चेंबरकडून उजेडाकडे धरून आत बघा. आतल्या भिंतीवर गोल प्रकाशाची कडी सलग हवी, ती कुठे मोडलेली किंवा एका बाजूला सावली पडलेली दिसली तर तिथे पोचा आहे. दुनळीची नळी पातळ असते आणि पोचा पडलेली नळी फुटू शकते. तोंडाशी माती गेलीय का बघा. मग कुंद्याची मान, जिथे हाताची मूठ बसते तिथे, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने चोळा. लाकडातली बारीक चीर डोळ्याला दिसण्याआधी अंगठ्याला लागते. बंदूक मिटवून बिजागरी हलते का, कुलूप पूर्वीसारखं घट्ट बसतं का, बघा.

यातलं काहीही बिघडलेलं दिसलं तर बंदूक दुरुस्तीला, आणि घटना तारीख-वेळेसह रजिस्टरमध्ये. कशाला टेकवली होती तेही लिहा. चार-सहा नोंदी झाल्या की कुठल्या पॉइंटवर खाच हवी, कुठल्या गार्डला पट्टा मिळालेला नाही, हे सुपरवायझरला रजिस्टरच दाखवेल. ते पान घेऊन मॅनेजरकडे जा आणि पट्ट्यांची ऑर्डर सही करून घ्या.